वेब ॲपला युनिट टेस्ट लिहायच्या म्हणजे सुरुवात नक्की कुठून करायची?

वाचनालयवाला · शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, नमस्कार.

दिवसा एका कारखान्यातलं ईआरपी (कारभाराचं सॉफ्टवेअर) सांभाळतो आणि फावल्या वेळात गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं वेब ॲप. पायथन भाषा, तिच्यातलं जँगो हे वेब फ्रेमवर्क, मागे पोस्टग्रेस डेटाबेस आणि पुढे ब्राउझरमध्ये थोडंसं जावास्क्रिप्ट. सभासद, देवघेव, दंड, वर्गणी, पुस्तकशोध, एवढंच. पुस्तकं सहा हजारांच्या आसपास, सभासद चारशे. वापरणाऱ्या मुख्यतः आमच्या ग्रंथपाल बाई. त्यांना सगळं गाव बाईच म्हणतं.

गेल्या महिन्यात बाईंनी दाखवलं की परतीची तारीख १५ निवडली तरी जतन होते १४. बसून ते दुरुस्त केलं, खूश होऊन झोपलो. आठ दिवसांनी बाईंचा फोन: "अरे, दंड सगळ्यांचा एकेक रुपया कमी लागतोय, वहीशी जुळत नाही." (हो, बाई अजून समांतर वही ठेवतात. त्यांचं बरोबरच आहे म्हणा.) शोधलं तर दीड वर्षापूर्वी मीच दंडाच्या हिशोबात एक दिवस वजा करून ठेवला होता. तारीख एक दिवस आधीची पडते म्हणून दंड जास्त येत होता, त्यावरचा तो माझा तेव्हाचा 'उपाय'. आता तारीख सुधारली आणि उपाय तसाच राहिला. डोकं झाकलं की पाय उघडे, तशी गत.

म्हणून युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा बरोबर उत्तर देतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या असं ठरवलंय. पण जिथे बघावं तिथे दोन अधिक दोन चार येतात का, याचीच उदाहरणं. माझ्या ॲपमध्ये कोणी बेरीज करत नाही. पुस्तक जतन होतंय का याची टेस्ट लिहायची? पान उघडतंय का याची? सगळ्याच्या लिहायच्या म्हटलं तर पुढची दिवाळी उजाडेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

---

पावशेर · शनिवार, रात्री ११:५८

चारशे सभासदांना टेस्ट कशाला? बाईंची वही हीच तुमची टेस्ट. चूक पकडली ना तिने?

---

टेस्टरताई · रविवार, सकाळी ८:१५

पावशेर चेष्टेत बोलले असतील, पण ते खरं आहे. दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेलं उत्तर ताडून बघणं म्हणजेच टेस्ट. फरक इतकाच की वही आठ दिवसांनी सांगते आणि टेस्ट आठ सेकंदांत.

वाचनालयवाले, सगळ्याच्या टेस्ट लिहायला घेऊ नका, दमून सोडून द्याल. पुस्तक डेटाबेसमध्ये जतन होतं की नाही हे बघायला जँगोवाल्यांनी स्वतःच्या ढीगभर टेस्ट लिहून ठेवल्या आहेत, त्यांचं काम आपण परत करायचं नाही. आपल्या टेस्ट कशाच्या? जो नियम फक्त तुमच्या वाचनालयाचा आहे, त्याच्या. तुमच्याकडे तो दंड. परवा तिथेच पोळलात, तर तिथूनच सुरू करा.

पहिलं काम टेस्ट लिहिण्याचं नाहीच. दंडाचा हिशोब आत्ता कुठे आहे? माझा अंदाज, व्ह्यूच्या पोटात: रिक्वेस्ट येते, डेटाबेसमधून नोंद काढली जाते, मधल्या चार ओळींत दंड निघतो आणि पान तयार होतं. त्या चार ओळी उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाका. आत जाणार नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि पुस्तकाची किंमत. बाहेर येणार रुपये. त्याला ना रिक्वेस्ट माहीत, ना डेटाबेस. अशा फंक्शनची टेस्ट दोन अधिक दोनइतकीच सोपी असते. त्या कंटाळवाण्या उदाहरणांना एवढंच सांगायचं असतं, पण ते धड सांगत नाहीत.

जँगोत यासाठी सिंपलटेस्टकेस हा टेस्टचा तयार साचा वापरा. चुकून डेटाबेसला हात लावलात तर तो सरळ एरर देतो. चांगला पहारेकरी आहे.

दुसरं काम: एक कागद घेऊन बाईंकडे जा. कागदावर फक्त तारखा लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर बाईंकडून दंड लिहून घ्यायचा. तुमच्या कोडकडे बघायचं नाही. १५ दिवसांची मुदत असेल तर १४, १५, १६ हे तीन दिवस हवेतच. नेल्याचा दिवस मोजायचा की नाही? शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर? त्याच दिवशी संध्याकाळी परत आणलं तर? हे विचारून या, मग पुढचं बोलू.

---

रत्नांग्रीकर · रविवार, सकाळी ९:०३

टेस्टरताईंशी बाडिस, म्हणजे सहमत. एकच भर. टेस्टची नावं वाक्यासारखी ठेवा. 'टेस्ट_दंड_३' असं नाव असेल तर सहा महिन्यांनी ती लाल (नापास) झाल्यावर काय मोडलं ते कळायला तासभर जातो.

अवांतर: पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं. मी एका घरगुती प्रकल्पात 'सोळाव्या_दिवशी_एक_रुपया' अशी नावं ठेवली होती. फक्त सुरुवातीचे ते रोमन चार अक्षरी 'टेस्ट' ठेवावे लागतात, नाहीतर टेस्ट सापडतच नाही. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात तो उपसर्गही सेटिंगमधून बदलता येतो.

---

वाचनालयवाला · रविवार, दुपारी २:२०

ताई, जाऊन आलो. कागद घेऊन अर्धा तास बसलो आणि एवढ्या गोष्टी दोन वर्षांत कळल्या नव्हत्या.

नेल्याचा दिवस मोजायचा नाही. मी मोजत होतो. सोमवारी वाचनालय बंद असतं, त्यामुळे पंधरावा दिवस सोमवार आला तर मंगळवारी आणलेल्याला दंड नाही. हे बाई वहीत हाताने करत होत्या आणि ॲपमधला रुपया "माफ" करून टाकत होत्या. मला वाटायचं, बाईंचा स्वभाव दयाळू आहे.

मग मी विचारलं, उशिराच्या दिवसांत मध्येच सोमवार आला तर तो मोजायचा का? "मोजायचा की. पुस्तक त्यांच्याच घरी होतं ना?" ठीक. मग विचारलं, शेवटचा दिवस सोमवार, आणि माणूस उगवला बुधवारी. दंड एक की दोन? बाई पेन हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, "असं कधी मनातच आलं नाही रे. मी कधी एक घेतला असेल, कधी दोन." शेवटी एक ठरलं. आणि दंड पुस्तकाच्या किमतीपुढे न्यायचा नाही, हेही तिथेच कळलं.

आता अडचण. फंक्शन वेगळं काढलं, पण ते आत 'आज' कोणती तारीख ते स्वतःच विचारतं. आज लिहिलेली टेस्ट उद्या लाल होणार.

---

कंसात_सांगा · रविवार, दुपारी ३:४५

'आज' हा आतून विचारायचाच नाही, बाहेरून हातात द्यायचा. फंक्शनला 'आज' नावाचा पॅरामीटर द्या. व्ह्यू खरी तारीख पाठवेल, टेस्ट हवी ती पाठवेल. फ्रीझगनसारखी लायब्ररी घड्याळ गोठवून देते आणि जुन्या गुंतलेल्या कोडला ती उपयोगी पडते. पण नवीन लिहिताना पॅरामीटरच बरा.

तारखांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या कोडमध्ये 'टाइमझोन डॉट नाऊ' घेऊन त्याची 'डेट' काढली आहे का ते बघा. टाइमझोन चालू असेल तर जँगोचा 'नाऊ' यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत तो कालचीच तारीख सांगतो. वाचनालय सकाळी उघडतं म्हणून काउंटरवर हे कधीच दिसणार नाही. पण 'उद्या पुस्तक परत करा' असे एसएमएस तुम्ही रात्री साडेबाराला पाठवत असाल तर ते एक दिवस उशिरा जात असणार. त्याऐवजी 'लोकलडेट' वापरा, आणि रात्री १२:३० ची वेळ देऊन एक टेस्ट लिहाच.

आणखी एक, वर्गणीचं. वार्षिक वर्गणी संपायची तारीख कशी काढता? वर्ष एकाने वाढवून? २९ फेब्रुवारी २०२४ ला सभासद झालेल्या माणसावर ते करून बघा. पायथन सरळ व्हॅल्यूएरर फेकतो, कारण २०२५ मध्ये ती तारीखच नाही.

---

वाचनालयवाला · रविवार, दुपारी ४:०१

एसएमएस रात्री १२:१५ ला जातात. 😐

---

एडिसनकर · रविवार, संध्याकाळी ७:३०

इथे न्यू जर्सीत आत्ता सकाळ आहे, चहा घेता घेता वाचतोय.

१५ ची १४ कशी झाली याचा उलगडा कोणी केला नाही म्हणून लिहितो. ब्राउझरमधला तारीखनिवडीचा डबा बहुधा स्थानिक मध्यरात्रीची वेळ देतो: १५ तारीख, ००:००. तुम्ही ती सर्व्हरला पाठवताना 'टूआयएसओस्ट्रिंग' हे तारखेची अक्षरं बनवणारं फंक्शन लावलं असणार आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतली असणार. सगळे तेच करतात. पण ते फंक्शन आधी यूटीसीत नेतं. साडेपाच तास मागे म्हणजे १४ तारीख, १८:३०. पहिली दहा अक्षरं घेतली की हातात १४. भारतात बसून हे दिवसाच्या कुठल्याही वेळी होतं.

गंमत पुढे आहे. हेच कोड माझ्या इथे बरोबर चालतं, कारण आम्ही यूटीसीच्या मागे आहोत. इथली मध्यरात्र तिथली पहाट, तारीख तीच. आमच्याकडे उलटी खोड असते. सर्व्हरकडून नुसती '२०२४-०१-१५' ही अक्षरं आली आणि त्यांची 'डेट' बनवली, की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र समजतं आणि पडद्यावर १४ तारखेचे संध्याकाळचे ७ दाखवतं. ते तुमच्याकडे होणार नाही.

म्हणून टेस्ट लिहिल्यात तरी त्या कुठे चालतात ते बघा. सीआयची (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेची) भाड्याची मशिनं बहुतेक यूटीसीवर असतात, तिथे दोन्ही चुका गुडूप. टेस्ट चालवण्याआधी 'टीझेड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकदा आशिया-कोलकाता आणि एकदा अमेरिका-न्यूयॉर्क ठेवून दोन्ही वेळा चालवा. आमच्या टीममध्ये एक टेस्ट पुण्यातल्या लॅपटॉपवर लाल आणि सर्व्हरवर हिरवी होती. दोन आठवडे आम्ही पुण्याच्या मुलालाच म्हणत होतो, तुझं मशीन बिघडलंय. बिघडलेले आम्ही होतो.

---

मोगरा · रविवार, रात्री ९:१०

दंड झाला, तारीख झाली. पुस्तकशोधाकडे कोणी वळलंच नाही, आणि मराठी ॲपमध्ये खरी मेख तिथे असते. मी शब्दकोशाच्या एका संकेतस्थळाचं काम करते, त्यातल्या जखमा दाखवते.

तुमच्या शोधात 'दुसऱ्या' असं टाकून बघा, आणि मग 'दुसर्‍या' असं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील. पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा, अक्षरं जोडणारा झेडडब्ल्यूजे. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याने एक वापरला आणि शोधणाऱ्याने दुसरा, की पुस्तक कपाटात असून ॲप सांगणार "सापडलं नाही". युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणणं) लावलं तर र अधिक नुक्ता आणि सलग ऱ हे दोन एक होतात. पण झेडडब्ल्यूजेवाला तसाच राहतो, तो स्वतः बदलावा लागतो. तीच गोष्ट 'ॲप' आणि 'अॅप' यांची. पायथनच्या मोजणीत पहिल्याची लांबी दोन, दुसऱ्याची तीन, आणि एनएफसी या दोघांना एक मानत नाही.

आमच्याकडे यासाठी एक 'शोधरूप' नावाचं फंक्शन आहे. शब्द आत, साफ केलेला शब्द बाहेर. नोंद करतानाही तेच आणि शोधतानाही तेच. त्याच्या टेस्ट म्हणजे नुसती जोड्यांची यादी, डावीकडचं आणि उजवीकडचं शोधरूप सारखं यायला हवं. ही यादी मी बसून विचार करून काढलेली नाही. "अमुक शब्द सापडत नाही" असं वाचकाचं पत्र आलं की एक जोडी वाढते. आणखी एक टेस्ट जरूर घाला: शोधरूपाचं शोधरूप काढलं तर काही बदलता कामा नये. आमचं बदलत होतं.

आता सगळ्यात वाईट जखम. पायथनच्या साध्या 're' या मजकुरात शोधाशोध करणाऱ्या मॉड्यूलमध्ये 'बॅकस्लॅश डब्ल्यू' म्हणजे शब्दातलं अक्षर, असा आपला समज असतो. त्याने 'मराठी'चे शब्द वेगळे करायला सांगा. उत्तर येतं 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी अक्षरं नाहीतच! नावावरून पानाचा पत्ता बनवणारं जँगोचं 'स्लगिफाय' आतून हेच वापरतं. युनिकोड चालू ठेवून त्याला 'मराठी' दिलं तर 'मरठ' परत मिळतं, युनिकोड बंद असेल तर रिकामी ओळ. पुस्तकांच्या पानांचे पत्ते तुम्ही त्यावरून बनवत असाल तर एकदा बघाच. वेगळं मिळणारं 'रेजेक्स' मॉड्यूल काना-मात्रा नीट धरतं.

आणि सभासद क्रमांक. बाई देवनागरी कीबोर्डवरून ११२ टाकतील. पायथन त्याचा निमूटपणे आकडा करतो, जावास्क्रिप्ट 'एनएएन' (हा आकडाच नाही) म्हणून हात वर करतं. एकाच फॉर्मची ही दोन टोकं. दोन्हीकडे एकेक टेस्ट हवी.

---

रत्नांग्रीकर · रविवार, रात्री ९:२६

मोगरा, दंडवत. माझी मघाची फुशारकी परत घेतो. आत्ता मुद्दाम झेडडब्ल्यूजेवाला र्‍ घालून फंक्शनचं नाव लिहिलं. पायथन म्हणाला सिंटॅक्स एरर, न दिसणारं अक्षर चालणार नाही. म्हणजे देवनागरी नावं ठेवा, पण ऱ्हस्व-दीर्घापेक्षा ऱ्हस्वातल्या ऱ्ह ला जपा.

---

पावशेर · रविवार, रात्री १०:०५

आता गंभीरपणे लिहितो. टेस्टवर माझा राग का, ते सांगतो.

मागे एका कंपनीत होतो, नाव सोडा. वरून फर्मान आलं, कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला याचं माप) ८० टक्के पाहिजे, नाहीतर रिलीज नाही. तारीख तोंडावर. आम्ही काय केलं? प्रत्येक फंक्शन एकदा बोलवायचं आणि पुढे जायचं. अपेक्षा तपासणारी एकही ओळ नाही. कोड चालला म्हणजे कव्हरेज मोजलं गेलं! दोन आठवड्यांत ३१ वरून ८४. केक कापला गेला. त्याच रिलीजमध्ये बिलावर सवलत दोनदा वजा होत होती, आणि ती ओळ कव्हरेजच्या अहवालात छान हिरवीगार होती.

तेव्हापासून टक्केवारी दाखवणारा माणूस दिसला की मी रस्ता बदलतो.

---

टेस्टरताई · रविवार, रात्री १०:३०

पावशेर, तो राग रास्त आहे. कव्हरेजचा उपयोग मी उलटा करते. किती हिरवं ते बघत नाही, लाल काय राहिलं ते बघते. "अरे, दंडाच्या फंक्शनमधली ही इफची फांदी कोणी कधी चालवलीच नाही" एवढं कळण्यापुरता तो अहवाल चांगला. हिरव्या ओळीबद्दल तो काहीच सांगत नाही.

टेस्ट खरी आहे का हे बघायचा गावठी उपाय: कोड मुद्दाम बिघडवा. 'पेक्षा मोठा' असेल तिथे 'पेक्षा मोठा किंवा समान' करा आणि टेस्ट चालवा. कोणीच ओरडलं नाही तर पहारेकरी झोपलाय. हेच यंत्राकडून करून घेण्याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, पायथनला म्यूटमट आहे, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर. पण तुमच्याएवढ्या ॲपला हातानेच पुरे.

---

नवशिक्या_२ · सोमवार, सकाळी १०:१२

एक भाबडा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला फाइल देऊन "याच्या टेस्ट लिही" म्हटलं तर? मी तसंच करतो. दोन मिनिटांत चाळीस टेस्ट, सगळ्या हिरव्या.

---

कंसात_सांगा · सोमवार, सकाळी १०:४०

सगळ्या हिरव्या आल्या याचीच भीती वाटायला हवी. वाचनालयवाल्यांचं जुनं दंडाचं फंक्शन त्याला दिलं असतं तर त्याने ते वाचलं असतं, एक दिवस वजा होतोय हे पाहिलं असतं, आणि "सोळाव्या दिवशी दंड शून्य" अशी नीटनेटकी टेस्ट लिहून दिली असती. कोडकडे बघून लिहिलेली टेस्ट कोडच्या चुकीवर शिक्का मारते. सोमवारचा नियम बाईंच्या डोक्यात होता, फाइलमध्ये नव्हता. तो तिथून कसा निघणार?

बाईंचा कागद भरून झाला की त्याची टेस्टमध्ये नक्कल करायला एआयला खुशाल बसवा. हमाली आहे ती.

---

एडिसनकर · सोमवार, संध्याकाळी ६:५०

एक अवांतर किस्सा. आज जिथे तिथे दिसणाऱ्या या टेस्ट फ्रेमवर्कांच्या घराण्यातलं जेयुनिट केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतलं. त्याआधी बेकने स्मॉलटॉकसाठी एसयुनिट केलं होतं, पायथनचं 'युनिटटेस्ट' हे त्याच वंशातलं. मी विमानात बसलो की दोन सिनेमे बघून झोपतो.

---

रत्नांग्रीकर · सोमवार, रात्री ८:१५

डेटाबेसच्या टेस्टबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो डेटाबेस मॉक करा, म्हणजे त्याच्या जागी नकली ठेवा, टेस्ट वेगात चालतात. दुसरा म्हणतो खरा डेटाबेसच पाहिजे.

---

टेस्टरताई · सोमवार, रात्री ८:५५

मी दुसऱ्या तटात, आणि तिथे भांडायलाही तयार आहे.

मॉक हा होयबा आहे. त्याला काहीही विचारा, तो हो म्हणतो. डेटाबेस मॉक केलात तर तुमची क्वेरी चुकीची असली तरी टेस्ट हिरवीच राहणार, कारण उत्तरही तुम्हीच पढवलेलं असतं. जँगोचा टेस्टकेस वेगळा टेस्ट-डेटाबेस बनवतो, प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो आणि संपली की रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. एका टेस्टचा कचरा दुसरीत जात नाही. वेगाची तक्रार असेल तर आधी पासवर्डचं हॅशिंग (तो उलगडता येणार नाही असा बदलून ठेवणं) बघा. ते मुद्दाम हळू ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक टेस्टमध्ये सभासद तयार केला की तो वेळ जातो. टेस्टच्या सेटिंगमध्ये हलका हॅशर लावा, लगेच फरक दिसेल. फक्त टेस्टच्याच सेटिंगमध्ये हं!

आणि खरा म्हणजे तोच. पोस्टग्रेस वापरत असाल तर टेस्टही पोस्टग्रेसवर. सोय म्हणून लोक एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर चालवतात. तिथे ५० अक्षरांच्या रकान्यात ८० अक्षरं गुपचूप मावतात, पोस्टग्रेस नकार देतो. मराठी पुस्तकांची उपशीर्षकं बघितलीत ना किती लांब असतात?

मॉक कुठे करायचा? जे तुमच्या घराबाहेर जातं तिथे. एसएमएस, पेमेंट, वगैरे.

---

वाचनालयवाला · सोमवार, रात्री ९:२०

ताई, हे एक दिवस आधी लिहायला हवं होतं.

काल रात्री उत्साहाच्या भरात आठवणीच्या एसएमएसची टेस्ट लिहिली. ईमेल जँगो टेस्टमध्ये खरं पाठवत नाही, मेमरीतच साठवून ठेवतो, हे वाचलं होतं. वाटलं एसएमएसचंही तसंच असेल. टेस्टमधल्या काल्पनिक सभासदाला मी माझ्या सासऱ्यांचा मोबाइल नंबर दिला होता, कारण तोच पाठ होता. टेस्ट लाल आली म्हणून परत चालवली, मग परत. रात्री एक वाजता त्यांना अकरा वेळा कळवण्यात आलं की त्यांच्याकडचं पुस्तक थकलेलं आहे. ते आमच्या वाचनालयाचे सभासदही नाहीत. सकाळी बायकोला फोन आला, "जावईबापू बरे आहेत ना?"

---

पावशेर · सोमवार, रात्री ९:२४

😂😂 दंड किती झाला?

---

कंसात_सांगा · सोमवार, रात्री ९:४०

एसएमएस पाठवणारा भाग एका छोट्या क्लासमध्ये कोंडा, आणि टेस्टमध्ये त्याच्या जागी फक्त यादीत लिहून ठेवणारा नकली क्लास द्या. मग टेस्ट विचारते, यादीत किती नोंदी आहेत आणि कोणाच्या. टेस्टच्या सेटिंगमध्ये गेटवेची खरी किल्ली ठेवूच नका, म्हणजे विसरलात तरी सासरे झोपतील.

तुम्ही पॅच (टेस्टपुरतं खऱ्या फंक्शनच्या जागी नकली बसवणं) वापरणार असाल तर एक खाचखळगा सांगतो. फंक्शन जिथे लिहिलंय तिथे पॅच करायचं नसतं, जिथे ते आणून वापरलंय त्या मॉड्यूलमध्ये करायचं. नव्वद टक्के लोक इथेच एक संध्याकाळ घालवतात. मी दोन घालवल्या. आणि एसएमएस ट्रान्झॅक्शन पक्की झाल्यावर जावा म्हणून 'ऑन_कमिट'वर टांगला असेल, तर टेस्टकेसमध्ये तो सुटणारच नाही, कारण तिथे कमिट कधी होतच नाही. त्यासाठी जँगोत 'कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स' आहे.

---

मोगरा · सोमवार, रात्री १०:०२

नंबरही दहा शून्यं वगैरे ठेवा हो. सासऱ्यांचा काय ठेवता!

---

वाचनालयवाला · रविवार, रात्री १०:४५

आठवड्याने हजेरी लावतोय.

हिशोब असा. दंडाच्या १७ टेस्ट, सगळ्या बाईंच्या कागदावरून. त्या सगळ्या मिळून एक सेकंदही घेत नाहीत. लिहिताना पहिल्यांदा चालवल्या तेव्हा सहा लाल होत्या. दोन माझ्या माहितीतल्या, चार नव्या. त्यातली एक अशी की किंमतच न नोंदवलेल्या पुस्तकाचा दंड किंमतीपुढे जाऊ नये म्हणून शून्यावर थांबायचा. देणगीत आलेल्या पुस्तकांना किंमत नसते, म्हणजे ती कोणी वर्षभर ठेवली तरी फुकट. बाई म्हणाल्या, काही लोकांना हे माहीत असावं.

मोगराताई, तुमचं शोधरूप केलं. ऱ्या, ॲ आणि देवनागरी आकडे धरून आत्ता १२ जोड्या आहेत. माझे पत्ते खरंच 'मरठ' छाप होते, दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता पत्त्यात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक ठेवलाय.

एसएमएसची तारीख 'लोकलडेट'वर आणली. रात्री १२:३० ची टेस्ट आधी लाल पाहिली, मग हिरवी. लाल पाहिल्याशिवाय चैन पडेना, सवयच लागली. ब्राउझरच्या बाजूला तारखेच्या टेस्ट कोलकाता आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे चालवतो. एडिसनकर, न्यूयॉर्कला आमचा एकही सभासद नाही, पण एक लाल निघालीच.

बाकी व्ह्यूंना अजून हात लावलेला नाही. एकेक बग येईल तशी त्याची टेस्ट आधी लिहीन.

आज बाईंना सगळं दाखवलं. हिरव्या ओळी बघून त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "दिवाळीत पाच दिवस बंद असतं आपलं. तेव्हा शेवटचा दिवस आला तर?" समितीला विचारून सांगते म्हणाल्या. टेस्ट लिहून ठेवली आहे. अपेक्षित दंडाच्या जागी सध्या प्रश्नचिन्ह आहे, त्यामुळे ती एकटी लाल आहे.